ज्योतीरामचे हात

"आधी हात धुवा, मग चिमीला घ्या," इंद्रायणी म्हणाली.

"तीनदा धुतले, वहिनी."

"चौथ्यांदा धुवा."

भाडेकरू ज्योतीराम हसला, पण त्याचे कान लाल झाले. चिंचवडच्या कारखान्यात तो गॅसबत्तीच्या जाळ्या थोरियमच्या पाण्यात बुडवायचा. थोरियममधून न दिसणारे किरण निघतात, हे इंद्रायणीने मागच्याच आठवड्यात वर्तमानपत्रात वाचलं होतं. बी.एस्सी. झालेली बाई, डोक्यातून जाईना. आणि तिची वर्षाची चिमी दिवसभर त्याच्याच मागे.

"पोटात जाऊ द्यायचं नाही, एवढंच साहेब सांगतात."

"तिची बोटं सदा तोंडात असतात!"

घरच्या गॅसबत्तीसाठी त्याने आणलेल्या फुकटच्या जाळ्या मात्र तिने कधी परत केल्या नव्हत्या.

"कशापायी त्याच्या मागं लागती गं?" सासूबाई, तानाबाई, देवघरातून म्हणाल्या. "माउलीचा अंगारा हाय की पोरीच्या कपाळाला. आळंदीस्नं आणलेली डबी दोन महिनं झालं, सरतच न्हाई बघ." त्यांनी बाहेर येऊन एक चिमूट चिमीच्या जिभेवरही ठेवली.

इंद्रायणीने डबीचं झाकण घट्ट लावलं.

रविवारी सकाळी ज्योतीरामने ओसरीवर नळी जोडलेली एक पेटी आणून ठेवली. "कारखान्यात मुंबईचे तपासनीस आलेत. त्यांचं किरण मोजायचं यंत्र हात जोडून मागून आणलं. थोरियम असलं की हे टकटकतं. घ्या, एकदाचं होऊन जाऊ द्या."

यंत्र नुसतं ठेवलं तरी अधूनमधून एखादी टक करत होतं. त्याच्या हातांवर तेवढीच. सदऱ्यावर तेवढीच. पायताणावरही तेवढीच.

"आता?" तो म्हणाला.

इतक्यात चिमी रांगत आली आणि तिने नळीला कपाळ लावलं. टकटकटकटक.

इंद्रायणीने पोरीला उचललं. "बघितलंत? आजच्या आज खोली रिकामी करा!"

"देवाशपथ, वहिनी..."

चिमीने भोकाड पसरलं. तानाबाई डबी घेऊन धावल्या. "रडिवलं ना लेकराला! थांब बाय, अंगारा लावते."

डबी जवळ येताच लाह्या फुटाव्यात तसं यंत्र तडतडलं.

"माउलीच्या अंगाऱ्यात?" ज्योतीराम पुटपुटला.

इंद्रायणी आढ्याला टांगलेल्या गॅसबत्तीकडे बघत राहिली. आळंदीचा अंगारा पहिल्या आठवड्यातच संपला होता. सासूबाईंच्या जिवाला लागू नये म्हणून, राख ती राख म्हणत, फुटलेल्या प्रत्येक जाळीची पांढरीशुभ्र भुकटी तीच त्या डबीत भरत आली होती.