गळ्यावरची रेघ

कॉम्प्युटरवर पेन टूलने मी फोटोतल्या मुलीच्या गळ्यावर एक वळणदार रेघ ओढली, मानेच्या उतारावर अलगद बसवली आणि त्या रेघेत एकेक काळा मणी ओवला. शेवटी मण्यांखाली हलकी सावली दिली.

"रजिस्टर लग्न केलंय आम्ही," शेजारी बसलेला तरुण म्हणाला. "गावी आईला फोटो पाठवायचाय. हिचा गळा मोकळा दिसला तर तिला वाईट वाटेल." प्रिंट पाहून तो म्हणाला, "खरंच घातल्यासारखं वाटतंय, मॅडम." त्या दिवशी मी खुशीत होते.

आठ दिवसांनी फोटोतली तीच मुलगी स्टुडिओत आली. गळ्यात काहीच नव्हतं. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ओळखीच्या एका मुलाने बायको म्हणून माझा हा फोटो सगळीकडे पाठवलाय. माझं ठरलेलं लग्न मोडलं."

स्क्रीनवर माझीच रेघ होती. सावलीही माझीच.

"घरचेसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. तुम्हाला फोटोतलं कळतं, ताई. नीट बघून सांगा ना, कुठे खोटं दिसतंय का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. कुठेच दिसत नव्हतं.