उच्चारू नये असा शब्द

साहेब अगदी तिच्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभे होते. समोरच्या काचेपलीकडे निघायच्या विमानांची रांग लागली होती. हिच्यामुळे विमानांना उशीर होतो, अशी तक्रार वर गेली होती, आणि सुरक्षा विभागाचे प्रमुख म्हणून साहेब ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला टॉवरवर चढून आले होते. आज त्यांचं मत वाईट झालं, तर तिच्या हातातला माईक जाणार होता. पायलटांना उडायची-उतरायची परवानगी द्यायच्या त्या माईकवर तिचा जीव होता.

उशीर होत होता, हे खोटं नव्हतं. एकामागोमाग उडणाऱ्या दोन विमानांमधलं अंतर वरच्यांनी कमी केलं होतं. ती मात्र जमेल तेव्हा जुनंच ठेवायची. गर्दी वाढली म्हणून आकाश काही रुंद झालेलं नाही, असं तिचं म्हणणं. आजवर काही झालंय का, असं साहेबांचं. या प्रश्नापुढे शहाण्या माणसाने गप्पच बसावं.

टॉवरमध्ये एक शब्द मात्र सगळेच जपून वापरत. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, तसं इथे 'टेक-ऑफ' म्हणू नये. 'डिपार्चर' म्हणा, 'निघणं' म्हणा, काहीही म्हणा. टेक-ऑफ हा शब्द पायलटच्या कानावर पडायचा तो फक्त उडायची परवानगी देताना, नाहीतर दिलेली काढून घेताना. साहेबांनाही हे ठाऊक होतं. तो नियम शिकवायला ते गावोगाव हिंडत.

एक विमान धावपट्टीवर येऊन तयारीत उभं होतं. पुढे निम्म्या वाटेवर नुकतंच उतरलेलं दुसरं विमान बाहेर वळायच्या बेतात रेंगाळत होतं. तिने माईकचं बटण दाबलं, उभ्या विमानाचा नंबर पुकारला आणि जागेवरच राहा असं सांगणार, एवढ्यात साहेबांचा धीर सुटला.

"अहो मॅडम, टेक-ऑफ द्या की त्याला."

बटण दाबलेलंच होतं. पायलट ताटकळून कंटाळला होता, आणि ताटकळलेल्या माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं. आपला नंबर, आणि मागोमाग टेक-ऑफ. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचंही त्याला सुचलं नाही. विमान धावू लागलं.

अशा वेळी म्हणायचं इंग्रजी वाक्य ठरलेलं असतं. ते तिला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. पण ऐन वेळी तोंडातून मायबोलीच बाहेर पडली.

"थांबा. थांबा. अहो, थांबा."

नशिबाने पायलटची मायबोलीही तीच निघाली. चाकांतून धूर निघाला आणि विमान पुढच्याच्या शेपटापासून हाकेच्या अंतरावर कसंबसं उभं राहिलं. आतले प्रवासी बहुधा पायलटला नवशिका म्हणत असतील. साहेब रुमाल शोधत होते. तो त्यांच्या हातातच होता.

चौकशी समिती बसली. सुरक्षेचे प्रमुख म्हणून अध्यक्ष साहेबच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं तिचा सहकारी दाराबाहेर पुटपुटला. पण माईकवरच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं तेव्हा तिला हायसं वाटलं. साहेबांचा आवाज त्यात घंटेसारखा खणखणीत होता. ऐकताना सगळे सदस्य टेबलाकडे बघत राहिले. निदान माईक तरी वाचला, असं तिच्या मनात आलं.

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. तिला माईकवरून हटवून पुन्हा प्रशिक्षणाला धाडायचं ठरलंय, हे सांगताना त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

"मॅडम, तुमचं ते 'थांबा' आम्ही नियमपुस्तकात पानोपान शोधलं," ते म्हणाले. "कुठेच नाही. 'टेक-ऑफ' मात्र आहे."