दोन ओळींची जागा

सकाळी शून्यावर आणून ठेवलेला स्क्रीनवरचा स्कॅनचा आकडा एक झाला. तिने तर माऊसला हातही लावला नव्हता.

"अहो, कुणीतरी आपला कोड स्कॅन केलाय," ती म्हणाली.

छापखान्याचा मालक चहाचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहिला. "अजून रोल मशीनवर चढला नाही आणि गिऱ्हाईक हजर? पायगुण चांगला आहे हो तुझ्या चौकोनाचा!"

तीही हसली. स्टिकर उंदीर मारायच्या औषधाच्या खोक्यासाठी होता. खोकं तळहाताएवढं, आणि कंपनीला त्यावर ठसठशीत क्यूआर कोड हवा होता. मोबाईल धरला की वड्या कुठे ठेवायच्या, चुकून कुणाच्या पोटात गेल्या तर काय करायचं, सगळं समोर दिसणार. जागा पुरेना, तेव्हा मालकानेच तोडगा काढला होता. "खालच्या त्या सूचनेच्या दोन बारीक ओळी उडव. त्याच तर कोडमध्ये येणार आहेत. हल्ली खोकं वाचतं कोण?"

तिने ओळी उडवल्या. कोड सुटसुटीत बसला.

आकडा दोन झाला. लगेच तीन.

वाचणारं एक माणूस तिच्या घरातच होतं. सासरे साठीनंतर अक्षरं शिकले. तेव्हापासून साबणाचं वेष्टनसुद्धा बोट ठेवून वाचायचे. काल त्यांनी ते खोकं उलटसुलट करून पाहिलं होतं.

"सूनबाई, यात माझ्यासाठी काहीच नाही गं. नुसत्या मुंग्या सांडल्यात."

"बाबा, मोबाईल असा धरायचा. बस."

पहिल्याच झटक्यात जमलं त्यांना. मग रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांना करून दाखवत होते.

चार.

"नमुने किती काढलेस तू?" मालकाने विचारलं.

"एकच," ती म्हणाली, आणि तिने टेबलावरचा फोन उचलला.

एकच. खऱ्या वड्या भरलेल्या खोक्यावर तिने तो स्वतःच्या हाताने चिकटवला होता. वस्तू घरात जिथे राहते तिथल्या उजेडात कोड लागतो का ते बघायचं, हा तिचा नियम. म्हणून तिने खोकं घरी नेलं होतं आणि रात्री जेवणं झाल्यावर ओट्याखालच्या अंधारात ठेवून पाहिलं होतं. कोड चटकन लागला. त्या आनंदात खोकं तिथेच राहिलं, चिमीच्या खेळण्यातल्या भांड्यांशेजारी. तिची लेक चिमी तीन वर्षांची. दिवसभर आजोबांपाशी असायची. वड्या गुलाबी होत्या.

पाच. सहा.

तिने घरी फोन लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला. सासऱ्यांनी आजवर तिचा फोन कधी कापला नव्हता.

सात.

"अगं, पांढरी का पडलीस?" मालक म्हणाला. "कोड लागतोय ना? मग झालं तर!"

कोड लागत होता. दर वेळी लागत होता. आणि दर वेळी सासऱ्यांच्या बोटाखाली तीच ओळ येत होती, कंपनीकडून मजकूर येईपर्यंत तिनेच तात्पुरती टाईप करून ठेवलेली: 'वडी पोटात गेल्यास काय करावे? माहिती लवकरच येत आहे.'