प्रेताची भूमिका

माझ्या विनोदी लघुपटांवर बाबा कधीच हसले नाहीत. "यात हसण्यासारखं काय आहे?" एवढंच विचारायचे. म्हणूनच एका लघुपटात प्रेताचं काम मी त्यांना दिलं. आजूबाजूला कितीही धिंगाणा चालू दे, ढिम्म हलणार नाही असा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नव्हता.

शूटिंग आमच्याच बाहेरच्या खोलीत उरकलं, एडिटिंग माझ्या जुन्या लॅपटॉपवर. मग पुष्कळ उंबरठे झिजवल्यावर एका थिएटरने माझे चार लघुपट एकत्र लावायला होकार दिला.

पहिल्या खेळाला बाबा माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसले होते. पडद्यावर दोन जावई सासऱ्याच्या प्रेतासमोरच सोफा कोणी न्यायचा यावरून हमरीतुमरीवर आले. शेवटी थोरला म्हणाला, "सासरेबुवांनाच विचारू. ते काही नाही म्हणायचे नाहीत."

आणि भिंतीएवढ्या त्या चेहऱ्यावर प्रेताचे ओठ थरथरले. मिशी हलली. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर हे मला कधी दिसलंच नव्हतं. थिएटरात असा हशा पिकला की पुढचे संवाद ऐकूच आले नाहीत.

बाबा खाली मान घालून माझ्या कानाशी वाकले.

"तुझा सिनेमा नासवला रे मी," ते पुटपुटले. "एरवी तुझ्यासमोर हसू दाबता येतं मला. त्या दिवशी तेवढं नाही जमलं."