चौथी रेघ

"नाही सर. हलत नाहीये," दुर्बिणीला डोळा लावूनच त्यांची विद्यार्थिनी म्हणाली.

सरांना घाम फुटला. तिचं काम तपासायला आलेले दोन्ही परीक्षक मागेच उभे होते. आज पाण्यातला आकडा दिसला नाही तर हिचं संशोधन इथेच बंद, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

प्रयोग म्हटला तर साधा. काचेच्या भांड्यात केसाएवढ्या तारेला टांगलेला चिमुकला आरसा. त्याच्यावर लेसर सोडायचा. प्रकाशसुद्धा धक्का देतो. त्यानं आरसा किंचित वळतो आणि दुर्बिणीत, त्या आरशात पडलेल्या मोजपट्टीच्या प्रतिबिंबातल्या रेघा सरकताना दिसतात. हवेत तीन रेघा सरकल्या होत्या, परीक्षकांच्या देखत. आता भांड्यात पाणी होतं. पाण्यात हा धक्का वाढतो की घटतो, यावर मोठमोठी माणसं पिढ्यानपिढ्या भांडत आलीत. सर वाढतो म्हणणाऱ्यांतले. चार रेघा यायला हव्यात, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. पाठीमागे सगळे त्यांना 'पाणीवाले सर' म्हणत, ते काही उगाच नाही.

"सरक बाजूला." सर स्वतः बसले. "हे काय! एक... दोन... तीन... आणि ही चौथी! अगं, ढळढळीत दिसतंय. डोळे घरी ठेवून आलीस का?"

परीक्षक हसले. तिचे कान लाल झाले.

"नजर बसलेली नाही हो अजून तिची," सर त्यांना म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "बस परत. दिसेपर्यंत उठायचं नाही."

ती मान खाली घालून बसली. सरांनी कपाळ पुसायला खिशात हात घातला. रुमालाआधी बोटांना काहीतरी गार लागलं.

लेसरची किल्ली.

पाणी भरताना कुणाच्या डोळ्यांना इजा नको म्हणून त्यांनीच ती काढली होती. किल्लीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम. लेसर सुरू आहे ना, असं त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. मग चहा आला, परीक्षकांशी गप्पा झाल्या आणि किल्ली खिशातच राहिली. हा प्रकाश डोळ्यांना दिसणारा नव्हे, तेव्हा कळणार कसं? लेसर मघापासून बंदच होता.

मग चार रेघा कुठून आल्या? दिसल्या होत्या, अगदी शपथेवर दिसल्या होत्या. आयुष्यभर ज्यांची वाट पाहिली त्या रेघा त्यांना नुसत्या पाण्यात दिसल्या. आणि जिनं खरं तेच सांगितलं, तिला त्यांनी चारचौघांत आंधळी ठरवलं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगायला हवं, आत्ताच, या दोघांसमोर. हसतील. हसू देत. त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली, हात बाहेर काढला, घसा खाकरला.

तेवढ्यात ती बोलली. दुर्बिणीवरून डोळा न काढता, अगदी हळू.

"हो सर. दिसल्या. चार."