डोळ्यांतलं माहेर

परदेशातून आणलेल्या कुत्रीच्या डोळ्यांना सारखी धार लागायची. "माहेर आठवतं बिचारीला," म्हणत सासूबाई पदराने तिचे डोळे पुसायच्या. शेवटी सून तिला डॉक्टरांकडे घेऊन निघाली, तशा त्याही मागोमाग आल्या. डॉक्टरांनी थेंब घालून डोळा बधिर केला, पापणी उलटली आणि चिमट्याने पांढऱ्या दोऱ्यासारखा वळवळता जंत अलगद काढला. "तिकडच्या माश्यांमुळे होतं हे. उशीर झाला असता तर दृष्टी गेली असती." "अगंबाई! म्हणजे ही रडत नव्हती?" "छे हो आजी! रडायला ती काय माणूस आहे?" सासूबाई ओशाळल्या. कुत्रीला कवटाळून उभ्या असलेल्या सुनेकडे त्यांनी पाहिलं. तिच्याही डोळ्यांच्या कडा लाल होत्या. विचारलं की "कांदा झोंबला" म्हणायची. सासूबाईंनाही ते सोयीचं वाटायचं. "औषध मी घालीन हिला," त्या म्हणाल्या, "तू आईला पोटभर भेटून ये."