मोराखालचं नाव

"नाना, थांबा!"

गल्लीत वळताच अर्शी ओरडली. छगननानांचा ब्रश भिंतीवरच्या मोरापर्यंत पोहोचला होता. बादलीत पांढरा रंग होता.

भिंत लग्नाची होती. नानांच्या मुलीचं, रूपाचं, लग्न ठरलं तेव्हा अर्शीनंच ती रंगवली होती. वर मोर, त्याखाली नवरा-नवरीची नावं आणि नावांना चिकटून सही, 'अर्शी'. ती यावलच्या खाजा पेंटरची मुलगी. पाट्या, शाळेच्या भिंती ती रंगवायची आणि खाली नाव पडायचं 'खाजा आर्ट'चं. इथे मात्र रूपा, तिची कॉलेजातली मैत्रीण, हटूनच बसली होती. "तुनं एकलीनं नाव टाक," म्हणाली होती, म्हणजे वडिलांच्या दुकानाचं नको, फक्त तुझं एकटीचं.

आता पुण्याच्या एका संस्थेत वर्षभर चित्रं काढायची संधी होती. चित्रकार म्हणून बायोडेटा हवा, त्यात स्वतःच्या सहीचं काम, फोटोसकट. अर्शीचा जुना मोबाइल पाण्यात पडला, त्यात फोटो गेले. बायोडेटाचं ते पान कोरंच होतं आणि उद्या मुदत संपत होती.

"एकच फोटो, नाना. मग खुशाल रंगवा."

"फोटो नको, पोरी." नानांचा आवाज फाटला. "रूपानी सासर सोडी दिधं. आज कायमनी घर येई राहिनी. जवाईनं नाव आते कोठेच नको."

अर्शीला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण मोबाइल हातात तयार होता. बोट टेकवलं की झालं, नानांना कुठे कळणार होतं? असं मनात आलं म्हणून तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या कोऱ्या पानाचा रागही आला.

नानांचा फोन वाजला. रूपा बसस्टँडवर उतरली होती. नाना घाईनं पुन्हा शिडी चढू लागले; ती पोहोचायच्या आत नावं पुसायला हवी होती. अर्शीनं मोबाइल पर्समध्ये कोंबला आणि ब्रश ओढून घेतला. आधी नावं गेली, मग मोर. सगळ्यात शेवटी तिची सही.

रिक्षातून रूपा उतरली. डोळे सुजलेले. ओल्या पांढऱ्या भिंतीकडे ती बघतच राहिली.

"मना मोर कोठे गया?"

नानांनी मान खाली घातली.

रूपानं अर्शीच्या हातातला ब्रश काढून बादलीत ठेवला.

"भिंत वाळू दे. मंग मोर परत काढ. खाल तुनं नाव टाक," ती म्हणाली, "आनि वर मनं. एकलीनं."